कच्चा टाका

ड्रेसवालीच्या दुकानात पोरांचं माप टेपने घेत नसत. म्हणजे टेप होती, तिच्या गळ्यात दिवसभर लोंबतही असे, पण तिची पाळी शेवटी. आधी पोराला उकिडवं बसायला लावायचं, मग दोन्ही हात वर करून उडी मारायला, मग कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर चढून उतरायला आणि सगळ्यात शेवटी खच्चून ओरडायला. आईबापांना हे नसते चाळे वाटत. "अहो, आम्हाला नुसता सिंह हवाय," ते म्हणत. ड्रेसवाली ऐकून न ऐकल्यासारखं करी. पळणाऱ्या पोराला ती मुखवटा देत नसे, कारण मुखवट्यातून बाजूचं काही दिसत नाही आणि पोर सरळ खांबावर जाऊन आदळतं. रडक्याला दाढी नाही, ओली झालेली दाढी तोंडात जाते. आणि चढणाऱ्याला शेपटी नाही, लांब घेर नाही, पाठीवर केप तर मुळीच नाही. शोभतं काय ते आरशाला विचारा आणि झेपतं काय ते स्टुलाला, असं ती तोंडावर सांगायची. बाई हट्टी. पण तिच्याकडचे कपडे घालून पोर पडलं, धडपडलं, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं आणि त्याचा तिला भलताच गर्व होता.

वेशभूषेचे कपडे भाड्याने द्यायचं हे दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. भिंतीभर खुंट्या आणि खुंट्यांवर वाघ, पोलीस, पऱ्या, अंतराळवीर असे सगळे गुण्यागोविंदाने लटकत. मागच्या दोन खोल्यांत ती, तिचा मुलगा आणि सासूबाई राहत असत. नवरा बोटीवर कामाला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा.

मुलाला सगळे शेपूट म्हणत. चालायला लागल्यापासून आईच्या मागे मागे, तिच्या कपड्याचं टोक धरून फिरायचा, म्हणून शेपूट. आता दुसरीत होता. टोक धरणं सुटलं होतं, नाव सुटलं नव्हतं. बोलायचा कमी आणि मागायचा तर कधीच नाही. दुकानात टेबलाखाली बसून बटणं रंगाप्रमाणे लावायची, हा त्याचा आवडता उद्योग. शाळेत दरवर्षी वेशभूषेचा कार्यक्रम होई, त्या दिवशी ड्रेसवालीच्या खुंट्या रिकाम्या होत आणि जे उरेल ते शेपटाला मिळे. पहिल्या वर्षी तो ढग झाला होता, मागच्या वर्षी टपालपेटी. यंदा झाड उरणार हे आधीपासूनच दिसत होतं, कारण झाड कुणी नेत नाही.

सासूबाईंची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म तंबू आणि ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात गेला होता. मेण लावलेला जाड दोरा, दाभणासारखी सुई आणि असा टाका की वादळात कापड फाटेल पण शिवण जागची हलणार नाही. काम सुटल्यावर त्या इथे राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी खुंटीवरच्या परीचा एक पंख ओढून पाहिला. पंख हातात आला. "हे असं शिवतेस?" एवढंच म्हणाल्या. ड्रेसवालीच्या ते जिव्हारी लागलं.

खरं तर पंख हातात यायलाच हवा होता. पंख असो की केप, ड्रेसवाली ते कच्च्या टाक्यानेच जोडायची. केपचं उदाहरण घ्या. गळ्याशी एक ताठ कॉलर, तिला पुढून घट्ट बटण. या कॉलरला मागून केप अडकवायची ती दोन्ही खांद्यांवर चार कच्चे टाके घालून, बस्स. पोर कुठे चढलं, उडी मारली आणि केप एखाद्या खिळ्यात अडकली, तर टाके पटकन तुटावेत, केप खिळ्याला राहावी आणि पोर खाली यावं. टाका पक्का असेल तर केप सुटणार नाही, कॉलर सुटणार नाही आणि मग गळा. त्यापुढचा विचारही ती करत नसे. कपडा दुकानातून बाहेर पडायच्या आधी ती केप खुंटीला अडकवून एक झटका देई. सुटली की पुन्हा चार टाके घालायचे आणि द्यायची.

हे सासूबाईंना सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. पण आयुष्यभर पक्की शिवण घातलेल्या बाईला कच्च्या टाक्याचं महत्त्व समजावायचं म्हणजे त्या ऐकून घेणार, मान हलवणार आणि वर म्हणणार, "असेल बाई." त्या "असेल बाई"ला ड्रेसवाली घाबरत असे. म्हणून तिने नुसतंच सांगून टाकलं होतं, "आई, केपांना हात लावू नका. बाकी काय हवं ते करा." सासूबाईंनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. सुनेला आपलं काम नको आहे. त्या केपांना तेव्हापासून झुली म्हणू लागल्या.

यंदाच्या कार्यक्रमाआधी शेपटाच्या वर्गातली एक मुलगी वडिलांना घेऊन दुकानात आली. तिला सगळे खारूताई म्हणत, आणि का म्हणत ते लगेच कळलं. वडील "परी दाखवा" म्हणेपर्यंत पोरगी स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून फळीवर गेली होती आणि तिथून राजाच्या पोशाखाकडे बोट दाखवत होती. लाल मखमलीची केप, सोनेरी काठ.

"मला राजा."

"अगं, परी बघ ना, किती छान," वडील म्हणाले.

"राजा."

"खाली उतर आधी," ड्रेसवाली म्हणाली. "तुझ्यासाठी अंतराळवीर काढते. अंगाबरोबर बसतो, कुठे अडकत नाही."

"अंतराळवीराला मुकुट असतो का?"

ड्रेसवालीने नियम सांगितला, वडिलांनी विनवण्या केल्या, खारूताईने फळीवरून उतरायला साफ नकार दिला. शेवटी ड्रेसवालीने केप खुंटीला अडकवून झटका दिला. केप अलगद सुटली. तिने मनाशी म्हटलं, हरकत नाही. ही पोरगी कुठेही चढू दे, केप तिला धरून ठेवणार नाही.

"नेता ना, न्या," ती म्हणाली. "पण केप कुठे अडकली तर सुटणार. सुटली म्हणून माझ्याशी भांडायला येऊ नका, सुटायलाच ठेवली आहे. लांबीला थोडी जास्त होतेय, ती कमी करून ठेवते."

वडिलांनी दोनदा मान डोलावली. सासूबाई त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. टेबलाखालून मात्र शेपूट बाहेर आला होता आणि मखमलीवरून एक बोट, एकच बोट, हळूच फिरवत होता.

"हात नको लावूस रे," ड्रेसवाली सवयीने म्हणाली. "गिऱ्हाइकाचं आहे. फाटलं तर काय सांगायचं?"

त्याने बोट मागे घेतलं आणि तो पुन्हा बटणांकडे गेला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ड्रेसवाली दोरे-बटणं आणायला बाजारात गेली असताना दुकानात एक बाई तणतणत आली. तिचा मुलगा कुठल्याशा वाढदिवसाला जादूगार होऊन गेला होता आणि ऐन प्रयोगात केप गळून पडली, सगळी पोरं फिदीफिदी हसली. "लाज नाही वाटत असलं शिवायला?" असं ती सासूबाईंच्या तोंडावर म्हणाली. ज्या बाईचे तंबू डोंगरमाथ्यावर टिकले, तिला हे ऐकून घ्यावं लागलं, तेही सुनेच्या कामापायी. त्यांनी सुनेची चूक कबूल केली नाही, गिऱ्हाइकाला उलट बोलल्या नाहीत. बाई गेल्यावर पेटीतून मेणाचा दोरा काढला, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या सगळ्या केपा एकेक करून खाली घेतल्या. सुनेला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. उगाच तिला कमीपणा कशाला?

असा सगळा चांगुलपणा होता. त्यातूनच पुढचं घडलं.

सकाळी दुकानात झुंबड. शेपटाच्या झाडाचं तोंडाचं भोक तिरकं झालं होतं. त्यातून त्याचा एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं. ड्रेसवाली ते गुडघ्यावर बसून नीट करत होती. तो हूं की चूं न करता उभा होता.

"आई, तू येशील ना बघायला?" मध्येच त्याने विचारलं.

"येते रे. दुकान आवरलं की येते."

"म्हणजे कधी?"

"म्हणजे आवरलं की. मान हलवू नकोस."

तेवढ्यात बाहेर खारूताईच्या वडिलांनी गाडीचा हॉर्न वाजवला. ते शेपटालाही शाळेत सोडणार होते. सासूबाईंनी राजाची पिशवी उचलून खिडकीतून त्यांच्या हातात दिली. त्या सकाळी बाहेर गेलेली केप ती एकच, आणि तिलाच खुंटीला अडकवून झटका द्यायचा राहिला. ड्रेसवालीच्या तोंडात तेव्हा दोरा होता आणि हातात सुई, आणि सकाळपासून सगळ्यांना तिच्याकडूनच काहीतरी हवं होतं. झाड दारातून बाहेर पडताना आपल्याच एका फांदीवर अडखळलं, मग गाडीत बसलं आणि गाडी गेली.

गर्दी ओसरल्यावर एक आजोबा आले. दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमासाठी त्यांना नातवाला वटवाघूळ करायचं होतं. ड्रेसवालीने वटवाघळाची काळी केप काढली, खुंटीला अडकवली आणि बोलता बोलता झटका दिला.

केप सुटली नाही.

तिने पुन्हा झटका दिला. खुंटी हलली, भिंतीचा पोपडा पडला, केप तिथेच. तिने कॉलर उलटी करून पाहिली. खांद्यावर ओळीने बारीक, एकसारखे, दुहेरी टाके होते. मेणाने चकाकणारे. असे टाके या घरात एकच हात घालत होता.

"आई!"

सासूबाई आतून हात पुसत आल्या. सुनेच्या हातातली केप पाहून त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसूही आलं. "बघितलंस होय? म्हटलं होतं तुला कळायच्या आधीच... काल ती बाई येऊन वाटेल ते बोलून गेली. सगळ्या पक्क्या केल्यात. आता कुणाची टाप नाही बोलायची."

"सगळ्या?"

"सगळ्या. राजाच्या झुलीला तर आणखी एक फेरी मारली. मखमल जड असते ना."

ड्रेसवालीने स्टुलाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. त्या फळीवर बसलेली पोरगी तिला दिसली आणि त्या पोरीच्या गळ्याभोवतीची ताठ कॉलरही दिसली.

"आई, तो टाका तुटण्यासाठीच होता," ती म्हणाली. "पोर कुठे लटकलं तर केप सुटावी म्हणून. नाहीतर गळ्याला फास बसेल."

सासूबाईंनी केप हातात घेतली, कॉलरचं बटण पाहिलं, खांद्यावरचे आपलेच टाके पाहिले. चाळीस पोरांच्या वर्गात कोण चढणारं आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. खारूताईला सगळी गल्ली ओळखत होती.

"मग मला सांगितलं का नाहीस गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

ड्रेसवालीने खारूताईच्या वडिलांना फोन लावला, बंद. शाळेतल्या बाईंना लावला, वाजत राहिला. शाळेच्या कचेरीत लावला, तिथेही कुणी उचलेना. कार्यक्रम सुरू झाला असणार आणि सगळे गाण्याच्या आवाजात बुडालेले असणार. तिने स्कूटरची किल्ली उचलली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "मी येते."

"आई, तुम्ही स्कूटरवर बसत नाही."

"माझा दोरा हाताने तुटत नाही. दातानेही नाही." त्यांनी टेबलावरची मोठी कात्री उचलून ओच्यात खोचली. "चल."

आजोबा वटवाघूळ हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना दुकान राखायला कुणी सांगितलं नाही, पण ते राखत बसले, हे नंतर कळलं.

शाळा काही लांब नव्हती, पण त्या दिवशी रस्त्यातला प्रत्येक माणूस मुद्दाम आडवा येत असल्यासारखा येत होता. सिग्नलला एक हातगाडी, पुढे खोदून ठेवलेला रस्ता. मागे सासूबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या, सुनेच्या पोटाभोवती त्यांच्या हातांची मिठी होती. लग्न होऊन आल्यापासून दोघी इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. ड्रेसवालीच्या मनात एकच चित्र येई आणि ती ते झटकून टाकी. अजून कार्यक्रम चालू असेल. राजा मंचावर असेल. बाईंनी त्याला सिंहासनावर बसवलं असेल. बसलेल्या पोराला काय होणार? मग तिला आठवे की ती पोरगी बसत नाही.

शाळेच्या सभागृहाचं दार लोटल्याबरोबर गाण्याचा आवाज अंगावर आला. मंचावर फुलपाखरं नाचत होती. ड्रेसवाली वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत, मंचामागच्या खोलीत शिरली. तिथे भाज्या होत्या, डॉक्टर होते, एक भलामोठा टूथब्रश रडत होता. राजा नव्हता.

"राजा कुठाय?" तिने तिथल्या बाईंना विचारलं.

"इथेच होता की. आता त्याचाच नंबर आहे." बाईंच्या हातात मिशा आणि डिंक. "का हो, काय झालं?"

तेवढ्यात कोपऱ्यातलं झाड खालून बिस्किटाचा चुरा सांडताना तिला दिसलं. तिच्या हातचं झाड, सकाळी भोक नीट केलेलं. निदान शेपूट तरी जागेवर आहे, असं वाटून तिला क्षणभर बरं वाटलं. ती खाली वाकली.

"बाळा, खारूताई कुठे गेली? लवकर सांग."

"मीच आहे की," झाड म्हणालं.

भोकातून खारूताईचा चेहरा बाहेर आला, तोंडभर बिस्कीट. "आम्ही बदली केली. बाई म्हणाल्या, राजाने नुसतं उभं राहायचं, हलायचं नाही. मला नको तसलं. आणि त्याला पाहिजेच होता राजा, त्यानेच विचारलं मला. झाडाच्या आत काहीपण खाल्लं तरी कुणाला दिसत नाही."

शेपटाने विचारलं? शेपटाने तोंड उघडून कुणाकडे काही मागितलं? मग दुसरा विचार आला आणि त्याला धरून ड्रेसवाली सावरायला गेली. शेपूट चढत नाही. शेपूट भित्रा आहे. पण हे तिला कुणी सांगितलं होतं? गावातल्या यच्चयावत पोरांना तिने स्टुलावर चढवून पाहिलं होतं, आपल्या पोराला कधीच नाही. घरच्याचं काय बघायचं?

"कुठाय तो?"

"टाकीकडे गेला," खारूताई म्हणाली. "तिथून रस्ता दिसतो, मीच दाखवलं होतं त्याला. आई येतेय का बघून येतो म्हणाला. आलाच नाही अजून."

सभागृहाच्या मागे एक अरुंद अंगण होतं. तिथे भिंतीला लागून पाण्याच्या टाकीवर जाणारी लोखंडी शिडी होती. उन्हात ती चटकन दिसली नाही. आधी लाल मखमल दिसली, वर एका वाकड्या बोल्टला अडकून ताणलेली. मखमलीच्या खालच्या टोकाला तिचा मुलगा होता.

शिडीची मधली एक पायरी तुटलेली होती. उतरताना तो तिथे घसरून खालच्या पायरीवर आला होता आणि तेवढ्यात केप वर अडकली होती. आता वर जायला पाय पोचत नव्हता, खाली यायला गळा सुटत नव्हता. दोन्ही हातांनी शिडीच्या कडा धरून तो चवड्यांवर उभा होता. मान वर खेचलेली, मुकुट कानावर कलंडलेला. तो ओरडत नव्हता. खच्चून ओरडायला त्याला कुणी कधी लावलंच नव्हतं. त्याचे पाय लटलट कापत होते, ते मात्र खालूनही दिसत होते.

"हलू नकोस!" ड्रेसवाली किंचाळली. "आले मी. हलू नकोस, राजा, आले."

ती शिडी कशी चढली हे तिला नंतर आठवेना. खालच्या पायरीवर पाय रोवून तिने खांदा त्याच्याखाली घातला आणि त्याला वर उचललं. त्याचं सगळं वजन तिच्यावर आलं. वरून एक लांब, घरघरणारा श्वास ऐकू आला. केप जेमतेम बोटभर सैल झाली. एका हाताने तिने कॉलरचं बटण चाचपलं, पण ते हनुवटीखाली असं रुतलं होतं की बोट आत जाईना. तिने केप धरून हिसडा दिला. झटका देण्यात तिचा हात बसलेला होता, आणि तरी काही हललं नाही. तिने पुन्हा हिसडा दिला. मेणाचा दोरा आपल्या मालकिणीच्या नावाला जागत होता.

"आई! कात्री!"

सासूबाई चढतच होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या घरातल्या पाटावरही धरून बसत. आता एक हात शिडीला आणि एका हातात कात्री अशा त्या एकेक पायरी वर येत होत्या आणि मोठमोठ्याने श्वास घेत होत्या. त्या सुनेच्या बाजूला, शिडीच्या कडेवर, अर्ध्या हवेत उभ्या राहिल्या.

"द्या इकडे," ड्रेसवाली म्हणाली.

"तू त्याला धर. सोडू नकोस. गाठ कुठे आहे ते मला माहीत आहे." त्यांची बोटं मखमलीखाली शिरली. "डाव्या खांद्यावर मारलीय. राजा, मान तिकडे कर. तिकडे, शहाणा माझा."

कात्रीचं टोक नातवाच्या मानेपासून इतकं जवळ होतं की ड्रेसवालीने डोळे मिटले. एक कट्ट आवाज झाला. मग दोरा उलगडत गेल्याचा सरसर आवाज, मग दुसरा कट्ट. अचानक तिच्या खांद्यावरचं ओझं दुप्पट झालं, कारण वरचा ताण सुटला होता. तिने पोराला छातीशी आवळलं आणि एकेक पायरी उतरत खाली आली. ती जमिनीवरच बसली.

तिने कॉलर काढून भिरकावून दिली. गळ्याभोवती लाल वळ उठला होता. पोर श्वास घेत होतं, खोकत होतं, पुन्हा श्वास घेत होतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि रडत राहिली. सासूबाई शिडीच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. कात्री त्यांच्या मांडीवर होती.

"माझ्या हाताने," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने केलं मी हे."

"मी सांगितलं नाही, आई. एक शब्द सांगितला असता तर..."

सभागृहातून माईकवर राजाला बोलावणं आलं. कुणीच उठलं नाही. वजन गेल्यावर केप वरच्या बोल्टवरून आपसूक सुटली आणि त्यांच्या पुढ्यात येऊन पडली. शेपटाने तिच्याकडे पाहिलं. हात लांबवून त्याने तिचा सोनेरी काठ उलटापालटा करून नीट तपासला.

"आई, मी ओढली नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"काय रे?"

"केप. अडकली ना, तेव्हा मला वाटलं हात सोडून ओढावी. पण मी नाही ओढली. फाटली असती. गिऱ्हाइकाची आहे ना."

ड्रेसवालीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी तोंडावर हात घेतला होता. हात सोडून ओढायला गेला असता तर पाय सुटले असते, आणि मग या अंगणात त्यांना जे दिसलं असतं ते दोघींनाही त्याच क्षणी दिसलं. पोर वाचलं होतं. पण वाचलं ते मखमल फाटू नये म्हणून चवड्यांवर उभं राहून, आणि ते त्याला शिकवलं कुणी, हे विचारायला नको होतं.

ड्रेसवालीने सासूबाईंच्या मांडीवरची कात्री घेतली, केप जवळ ओढली आणि सोनेरी काठाला बोटभर चीर दिली. कापड फाडायचं असलं की शिंपी आधी अशी चीर देतात. चिरेच्या दोन्ही बाजू तिने दोन हातांत धरल्या आणि ओढलं. मखमल टर्रकन अर्ध्यापर्यंत फाटली. मागच्या दाराशी आलेल्या शाळेच्या बाई मिशा हातात धरून बघत राहिल्या.

शेपूट घाबरून आईकडे बघत होता. तिने एक बाजू त्याच्या हातात दिली.

"ओढ," ती म्हणाली.

"फाटेल."

"फाटू दे. जोरात ओढ."

त्याने आजीकडे पाहिलं. आजीने डोळे पुसत मान हलवली. मग त्याने मखमल दोन्ही मुठींत धरली, थोडी ओढून पाहिली, पुन्हा आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सगळा जोर लावून ओढली.